घर रिकामे, तरी घरपट्टी चालू

धानाची मळणी उरकली की मूल, सिंदेवाही, धानोरा भागात घरदुरुस्ती निघते. कवेलू उतरतात, बिऱ्हाड भावाकडे जाते. मग वाटते, राहत नाही तर घरपट्टी कशाची?

पण 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे ही पट्टी राहण्यावर नाही, इमारतीवर आहे. दाराला कुलूप असले तरी ती लागते. मागणीचे बिल आल्यापासून तीन महिन्यांत न भरल्यास ग्रामपंचायतीचे सदस्य होण्याची पात्रताही जाते.

घर पूर्ण पाडले असेल तर तसा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मातीचे घर पक्के झाले की आकारणी बदलते. नमुना 8 मधील नोंद वाचून घ्या. आणि घरपट्टीची पावती बियाण्याच्या पावतीसारखीच जपून ठेवा.