माणकांच्या खाणीचे मोल

मोझाम्बिकच्या उत्तरेला, काबो देल्गादो प्रांतातील मोंतेपुएझजवळ 2009 मध्ये माणकांचा मोठा साठा सापडला. जेमफिल्ड्स या लंडनच्या शेअरबाजारातील कंपनीने खाणीचा 75 टक्के हिस्सा घेतला. उरलेला म्विरिती या स्थानिक कंपनीकडे राहिला. या खाणीची किंमत किती, यावर गुंतवणूकदारांचे कधीच एकमत झाले नाही आणि 2017 मध्ये तो मतभेद थेट कंपनीच्या ताब्याच्या लढाईत उतरला.

सोन्याचा भाव रोज जाहीर होतो. हिऱ्यांच्या व्यापाऱ्याजवळ रापापोर्टचे दरपत्रक असते. माणकाला असा सर्वमान्य भाव नाही. रंग, पारदर्शकता, वजन, खडा उष्णता देऊन खुलवावा लागेल की नाही, अशा अनेक गोष्टींवर एकेका खड्याचे मोल ठरते. म्हणून कच्चा माल प्रतवारी करून, निमंत्रित खरेदीदारांकडून सीलबंद बोल्या घेऊन विकला जातो.

जून 2014 मध्ये सिंगापूरला पहिला लिलाव झाला. हलका-भारी सगळा माल एकत्र होता. 3 कोटी 35 लाख डॉलर आले, सरासरी भाव पडला कॅरेटला 18.43 डॉलर. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केवळ वरच्या प्रतीचे सुमारे 63 हजार कॅरेट विकले गेले आणि सरासरी 688.64 डॉलरवर पोचली. सहा महिन्यांत माणिक महागले नव्हते, बदलली होती ती मालाची प्रत. सरासरी भावावरून खाणीचे मोल काढणाऱ्याची फसगत ठरलेलीच आहे.

जमिनीतही हाच भेद आहे. मनिंगे नाइस भागातील मूळ खडकात माणके भरपूर, पण बहुतेक चपटी आणि कमी प्रतीची. मुग्लोतोच्या गाळवाळूच्या थरांत दर टनाला कॅरेट थोडे, मात्र मौल्यवान खडे तिथेच जास्त. 2015 मध्ये एसआरके या सल्लागार संस्थेने 43 कोटी 20 लाख कॅरेटचा राखीव साठा आणि 21 वर्षांचे आयुष्य गृहीत धरले. या आकड्यात माणकांबरोबर साधे कुरुंदही मोजलेले आहे. पुढील उत्पन्न वर्षाला 10 टक्के दराने वजावट करून तेव्हाच्या पैशांत मोजले, तेव्हा खाणीची किंमत 99 कोटी 60 लाख डॉलर निघाली. जेमफिल्ड्सचा वाटा सुमारे 75 कोटी.

बाजार एवढे द्यायला तयार नव्हता. नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीने जयपूरच्या खडे घासणाऱ्या बाजारात रोकड आटली आणि जेमफिल्ड्सच्या झांबियातील पाचूंच्या विक्रीलाही झळ बसली. मे 2017 मध्ये सुमारे 47 टक्के समभाग बाळगणाऱ्या पॅलिंगहर्स्ट या गुंतवणूक कंपनीने जेमफिल्ड्सचे उरलेले समभाग मागितले. रोख रक्कम नव्हे. एका समभागामागे स्वतःचे 1.91 समभाग, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे 38.5 पेन्स. स्वतंत्र संचालकांनी ही किंमत फार कमी असल्याचे सांगितले. मग चीनच्या फोसुनने रोख 40.85 पेन्स देऊ केले आणि पुढे 45 पेन्स. एवढ्यानेही माणकांची खाण, झांबियातील काजेम ही पाचूखाण आणि फॅबर्जे हा दागिन्यांचा ब्रँड मिळून सगळ्या कंपनीची किंमत जेमतेम 33 कोटी डॉलर होत होती.

संचालकांचा आक्षेप रास्त होता. वाद चालू असतानाच सिंगापूरच्या लिलावात माणकांनी 5 कोटी 48 लाख डॉलर मिळवले. पण एसआरकेच्या अहवालातील आकड्यावर विसंबणेही धोक्याचे होते. मोजके खरेदीदार दरवर्षी एवढा माल त्याच भावाने उचलतील का, हा प्रश्न त्याने सोडवलेला नव्हता. माणसांची किंमत तर त्यात नव्हतीच: खाणीभोवतीच्या मारहाणीच्या आणि जमिनी बळकावल्याच्या तक्रारींवरून लंडनमध्ये झालेला दावा जानेवारी 2019 मध्ये, जबाबदारी मान्य न करता, 58 लाख पौंडांना मिटवण्यात आला.

जून 2017 च्या अखेरीस पॅलिंगहर्स्टच्या भागधारकांनी समभागांच्या अदलाबदलीला मंजुरी दिली, फोसुन मागे हटली आणि पॅलिंगहर्स्टने पुढे जेमफिल्ड्सचेच नाव घेतले. जून 2022 च्या माणकांच्या लिलावाने 9 कोटी 56 लाख डॉलर आणले. तरी मोझाम्बिकमधील निवडणुकीनंतरचा हिंसाचार, मंदावलेली मागणी आणि नव्या प्रक्रियाकेंद्राचा सुमारे 7 कोटी डॉलरचा खर्च एकत्र आल्यावर 2025 मध्ये कंपनीला हक्कभाग विकून 3 कोटी डॉलर उभारावे लागले. एका हक्कभागाचा भाव होता सुमारे 4 पेन्स. मधल्या वर्षांचा लाभांश सोडला, तर 2017 मध्ये रोख 45 पेन्सची बोली आलेल्या समभागाच्या बदल्यात मिळालेल्या 1.91 समभागांची किंमत या भावाने 8 पेन्सच्या आसपास भरते.