चंद्र मावळल्यानंतरचे आकाश

रमजान चंद्र पाहून सुरू होतो आणि चंद्र पाहूनच संपतो. त्यामुळे या महिन्यात गावातल्या गच्च्यांवर आकाशाकडे पाहणारी माणसे एरवीपेक्षा जास्त दिसतात. यंदा रमजान आणि फाल्गुन एकाच अमावास्येनंतर सुरू झाले आहेत. मध्यावर होळीची पौर्णिमा येते आणि अखेरीस गुढीपाडवा व ईद अगदी लगोलग. हिजरी महिना आणि पंचांगातला महिना दोन्ही चंद्राचेच बोट धरून चालतात, म्हणून हे जुळते. पुढे अधिक मास आला की वाटा पुन्हा वेगळ्या होतात.

गच्चीवरच्या या मंडळींत एक जमात मात्र अशी आहे, की तिला चंद्र नको असतो. तो कधी मावळतो याची ती वाट पाहते. घरच्या लहान दुर्बिणीला कॅमेरा लावून तेजोमेघ आणि दीर्घिकांचे फोटो काढणाऱ्यांची ही जमात. तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांच्या मधल्या जागेतले वायूचे आणि धुळीचे ढग. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी अब्जावधी ताऱ्यांची स्वतंत्र वस्ती. दोन्ही इतक्या मंद, की चांदण्यात बुडून जातात.

या छंदाला मोठी वेधशाळा लागत नाही. साठ ते ऐंशी मिलिमीटर व्यासाचे भिंग असलेली, हातभर लांबीची दुर्बीण पुरते. लागतो तो वेळ आणि अंधार. वेळ काढता येतो. अंधार मात्र आपण सगळ्यांनी मिळून संपवत आणला आहे. आजचा लेख त्याबद्दल आहे.

ढगासारखा एक डाग

इसवी सन ९६४ च्या सुमारास इराणमध्ये अब्दुर्रहमान अल-सूफी या खगोलविदाने स्थिर ताऱ्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने ताऱ्यांची जागा, तेज आणि रंग तर नोंदवलेच, पण एका ठिकाणी ‘लहानसा ढग’ असल्याचीही नोंद केली. दुर्बिणीचा शोध लागायला तेव्हा अजून साडेसहाशे वर्षे होती. तो ढग म्हणजे आज आपण जिला देवयानी दीर्घिका म्हणतो ती. तिचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे. म्हणजे अल-सूफीच्या डोळ्यांत उतरलेला प्रकाश तिथून निघाला, तेव्हा पृथ्वीवर आजचा माणूस अवतरलाच नव्हता.

या डागाचे खरे रूप डोळ्याने कळले नाही, ते फोटोने कळले. ३० सप्टेंबर १८८० रोजी न्यूयॉर्कचे डॉक्टर हेन्री ड्रेपर यांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला. त्यासाठी ५१ मिनिटे प्रकाश साठवावा लागला. १८८३ मध्ये लंडनजवळच्या ईलिंगमध्ये अँड्र्यू कॉमन यांनी घराच्या बागेतल्या ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीतून त्याच तेजोमेघाचा असा फोटो काढला, की त्यात प्रत्यक्ष दुर्बिणीला डोळा लावूनही न दिसणारे तारे उमटले. १८८८ मध्ये आयझॅक रॉबर्ट्स यांच्या फोटोत देवयानीचे वळणदार फाटे प्रथमच दिसले. कॉमन व्यवसायाने सांडपाणी आणि स्वच्छतेच्या कामांतले अभियंता, रॉबर्ट्स बांधकाम व्यावसायिक. दोघेही हौशी. पुढे १९२३ मध्ये एडविन हबल यांनी देवयानीच्या फोटोत एक रूपविकारी तारा ओळखला आणि तिचे अंतर मोजून दाखवले, की ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे. विश्व एका रात्रीत मोठे झाले म्हणा ना. त्याचा पाया घरच्या बागेत दुर्बीण लावणाऱ्यांनीही घातला होता.

थेंबे थेंबे तळे

डोळा प्रकाश साठवत नाही; सेकंदाचा लहानसा अंश पाहिले आणि पुसले, असे त्याचे काम. कॅमेरा साठवतो. पण साठवायचे तर दुर्बीण एका जागी रोखून धरावी लागते, आणि पृथ्वी तर तासाला १५ अंश फिरते. म्हणून दुर्बिणीखाली मोटार लावलेली बैठक असते. ती पृथ्वीच्या वेगाने, पण उलट दिशेने फिरते. तिचा कणा ध्रुवाकडे रोखावा लागतो. ध्रुवतारा क्षितिजापासून जितक्या अंशांवर दिसतो तितके त्या गावाचे अक्षांश. महाराष्ट्रात तो साधारण १६ ते २२ अंशांवर, म्हणजे बराच खाली असतो. गच्चीच्या उत्तरेला उंच इमारत असेल तर पंचाईतच. उर्दूत ध्रुवाला कुत्ब म्हणतात आणि होकायंत्राला कुतुबनुमा. दुर्बीण लावणाऱ्याचे पहिले काम या दोन्हींच्या मदतीने होते.

पूर्वी एकच लांबलचक फोटो घेत. आता दोन-दोन मिनिटांचे अनेक फोटो घेतात. प्रत्येक फोटोत खरा प्रकाश थोडा आणि रवाळ खरखर भरपूर असते. खरा प्रकाश दर वेळी त्याच जागी पडतो; खरखर दर वेळी वेगळी. सगळे फोटो संगणकावर एकावर एक ठेवून सरासरी काढली की खरा प्रकाश टिकतो आणि खरखर विरते. हिशेब मात्र कंजूष आहे. चार फोटो घेतले तर चित्र दुप्पट स्वच्छ होते, सोळा घेतले तर चौपट, चौसष्ट घेतले तर आठपट. चौसष्ट फोटो म्हणजे दोन तासांहून जास्त. त्यानंतरचा प्रत्येक सुधार आणखी महाग. मराठीत थेंबे थेंबे तळे साचते आणि उर्दूत कतरा कतरा दरिया होतो. इथे दोन्ही म्हणी अक्षरशः खऱ्या आहेत.

याशिवाय दुर्बिणीचे तोंड झाकून काही काळे फोटो घेतात. त्यात कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष उतरतात आणि ते मूळ चित्रातून वजा करता येतात. एकसारख्या उजळ पांढऱ्या पृष्ठभागाचेही काही फोटो घेतात. त्यातून भिंगावरची धूळ आणि कडांची काळोखी कळते.

हे फोटो पाहून एक प्रश्न हमखास येतो: ‘सर, हे रंग खरे आहेत की संगणकाने भरले?’ प्रश्न रास्त आहे. मंद प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग ओळखता येत नाहीत, म्हणून दुर्बिणीतून मृगाचा तेजोमेघ बहुतेकांना राखाडी दिसतो. त्यातला हायड्रोजन मात्र खरोखरच लाल प्रकाश देतो, आणि ऑक्सिजन हिरवट निळा. संगणकावर हा साठलेला मंद प्रकाश उजळ केला जातो. जे आले आहे ते वर काढणे प्रामाणिक. जे आलेच नाही ते रंगवणे अप्रामाणिक. ही सीमारेषा प्रत्येकाने स्वतःच पाळायची असते, कारण गच्चीवर रात्री दोन वाजता तपासायला कोणी नसते.

फाल्गुनातल्या दीर्घिका

आता या महिन्याचे आकाश. तरावीह आटोपून साडेनऊच्या सुमारास बाहेर आलात की नैऋत्येला मृग नक्षत्र दिसते. त्यातले तीन तारे ओळीने आहेत. त्यांच्या खाली लोंबणाऱ्या तलवारीत धूसर ठिपका दिसतो, तो तेजोमेघ. अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षे. तिथे आजही नवे तारे जन्माला येत आहेत. साध्या द्विनेत्रीतूनही तो दिसतो, म्हणून नवशिक्याने सुरुवात तिथूनच करावी.

मध्यरात्री मृग मावळू लागते आणि सिंह रास डोक्यावर येते. फाल्गुन हे नावच या राशीतल्या फाल्गुनी नक्षत्रावरून पडले, कारण या महिन्याची पौर्णिमा त्याच्या आसपास होते. सिंहाच्या शेपटीचा तारा आपला उत्तरा फाल्गुनी. इंग्रजीत तो डेनेबोला, आणि ते नाव आले अरबीतल्या ‘जनब अल-असद’ वरून, म्हणजे सिंहाची शेपटी. पूर्वा फाल्गुनीच्या दोन ताऱ्यांपैकी खालच्या ताऱ्याजवळ तीन दीर्घिका एकाच चौकटीत मावतात. अंतर साडेतीन कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास. त्यानंतर सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाचा मरीची, अरबीत अल-काइद, वर येतो. त्याच्याजवळ भोवऱ्यासारखी दीर्घिका आहे. तिच्या एका फाट्याच्या टोकाशी दुसरी लहान दीर्घिका लोंबते. छोट्या दुर्बिणीच्या फोटोतही ही जोडी ओळखू येते.

या ऋतूतच एवढ्या दीर्घिका का दिसतात? आपली आकाशगंगा चपट्या थाळीसारखी आहे आणि आपण त्या थाळीच्या आत राहतो. थाळीच्या पातळीत पाहिले तर धूळ आणि तारे आड येतात. फाल्गुन-चैत्रात मध्यरात्री आपण थाळीच्या वरच्या बाजूने बाहेर पाहतो. खिडकीसमोरची गर्दी संपते आणि दूरचा मुलूख दिसतो.

चंद्राचे गणित रोजेदारांना पाठ असते. पहिल्या चार-पाच रोजांत चंद्रकोर लवकर मावळते, म्हणून तरावीहनंतरचा बराच वेळ अंधाराचा. पौर्णिमेच्या आसपास दुर्बीण झाकून ठेवावी. पंचविसाव्या रोजानंतर चंद्र पहाटेच्या सुमारास उगवतो, त्यामुळे जवळजवळ सगळी रात्र मोकळी मिळते.

आणि ही रात्र संपते कुठे? जुने लोक दोन पहाटा सांगत. सुबह-ए-काजिब, म्हणजे खोटी पहाट: पूर्वेला उभा, शंकूसारखा फिकट उजेड. सुबह-ए-सादिक, म्हणजे खरी पहाट: क्षितिजावर आडवा पसरणारा उजेड. सहरी संपते ती दुसरीने. खोट्या पहाटेला विज्ञान राशिप्रकाश म्हणते; ग्रहांच्या पातळीत विखुरलेल्या धुळीवरून परतलेला तो सूर्यप्रकाश असतो. खरी पहाट सुरू होते तेव्हा सूर्य क्षितिजाखाली साधारण १८ अंशांवर असतो. आपल्याकडच्या बहुतेक सहरीच्या वेळापत्रकांत हाच आकडा धरतात, आणि खगोलशास्त्रीय रात्रही तिथेच संपली असे मानतात. रोजेदाराचा शेवटचा घोट आणि फोटो काढणाऱ्याचा शेवटचा फोटो यांची वेळ एकच. पण आज आपल्या गावातून खोटी पहाट किती जणांनी पाहिली आहे? ती अंधाऱ्या आकाशातच दिसते.

दिवा कुणीकडे पाहतो

तेजोमेघांचे एक बरे असते. त्यांचा प्रकाश ठरावीक रंगांतच येतो, त्यामुळे तेवढेच रंग आत सोडणारी गाळणी लावून गावातूनही त्यांचा फोटो निघतो. दीर्घिकांचे तसे नाही. तो अब्जावधी ताऱ्यांचा मिळून आलेला, सर्व रंगांचा प्रकाश. त्यातून रस्त्यावरच्या दिव्यांचा प्रकाश गाळून वेगळा करता येत नाही. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांचा उजेड मुख्यतः पिवळ्या पट्ट्यात असे. तो बऱ्याच अंशी अडवता यायचा. नव्या पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो. त्यावर गाळणी नाही, अंधार हाच उपाय.

त्याबद्दल बोलताना सणांच्या रोषणाईकडे बोट दाखवणे सोपे असते. रमजानच्या माळा, गणपतीची आरास, दिवाळीचे आकाशकंदील. पण हे मोजक्या रात्रींचे पाहुणे आहेत आणि त्यांच्यात आनंद आहे. खरा त्रास वर्षभर रात्रभर जळणाऱ्या, आकाशाकडे तोंड केलेल्या दिव्यांचा: इमारतीवर खालून वर मारलेले फ्लडलाइट, कोणी नसताना लखलखणारे फलक, रिकाम्या पार्किंगमधले हॅलोजन. तो उजेड ना चालणाऱ्याच्या पायाखाली पडतो, ना चोराला अडवतो. वीज मात्र आपल्या बिलातून जाते.

उपाय खर्चिक नाहीत. दिव्याला वरून टोपी घालावी, तोंड जमिनीकडे करावे, शक्य तिथे पिवळसर दिवा वापरावा आणि गरज संपली की तो बंद करावा. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तिथल्या परिसरात दिव्यांबाबत हेच केले गेले. आपले गाव जंगल नाही, हे खरे. पण गल्लीपुरता अंधार गल्लीला राखता येतो. आमच्या शेजारच्या काकू दुर्बीण दिसली की न सांगता आपल्या गच्चीचा दिवा मालवतात. तेवढ्याने फोटोतला फरक स्पष्ट दिसतो.

हा निव्वळ हौसेचा हट्ट आहे का? जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेला एक शोध पाहा. मार्सेल ड्रेक्सलर, झेवियर स्ट्रॉटनर आणि यान सांती या युरोपातल्या तीन हौशी निरीक्षकांना देवयानी दीर्घिकेच्या शेजारी ऑक्सिजनची एक प्रचंड कमान सापडली. दुर्बीण होती १०६ मिलिमीटरची. त्यांनी शंभराहून अधिक तास प्रकाश साठवला होता. ज्या दीर्घिकेकडे अल-सूफीपासून हजार वर्षे माणसे पाहत आली, जिचे फोटो सव्वाशे वर्षांहून अधिक काळ निघत आले, तिच्याच शेजारी एवढी मोठी गोष्ट कोणाला दिसली नव्हती. मोठ्या दुर्बिणी आकाशाचा लहान तुकडा पाहतात, आणि त्यांच्या रात्री वाटून दिलेल्या असतात. एकाच जागी इतका वेळ थांबण्याची मुभा हौशी माणसाकडेच असते.

आपल्या गावातल्या एखाद्या मुलीला उद्या अशी मुभा हवी असेल तर तिला दुर्बीण कुठूनही आणता येईल. आता त्यांच्या बाजारात तऱ्हा आहेत, काही तर स्वतःच आकाशातले लक्ष्य शोधतात. अंधार मात्र विकत मिळत नाही. तो शेजाऱ्यांनी द्यावा लागतो. म्हणून ईद आणि पाडव्याच्या आधीच्या चार-पाच रात्रींसाठी एक विनंती. मध्यरात्रीपासून सहरीपर्यंत गच्चीचा, दुकानाच्या फलकाचा, सभागृहाबाहेरचा जो दिवा कोणाच्या कामाचा नसेल तो बंद ठेवा. मग सहरीच्या आधी दहा मिनिटे वर जा, डोळ्यांना काळोखाची सवय होऊ द्या आणि आग्नेयेला पाहा. वृश्चिकाच्या शेपटीपलीकडे धनू राशीकडे आकाशगंगेचा पट्टा वर येत असेल. तो दिसला तर समजा, तुमच्या गल्लीतूनही दीर्घिकांचा फोटो निघू शकतो.