पहिल्या डोसनंतरची रात्र

डांग्या खोकल्यासारख्या आजारांपासून वाचवणारी पेंटाची लस मांडीत टोचली, की त्या रात्री बऱ्याच बाळांना ताप येतो. मांडी सुजते, बाळ किरकिरतं, आई रात्रभर जागते आणि सकाळी कामावर खाडा पडतो. रोजंदारीच्या घरात मजुरी बुडाली, की ‘चांगलं खेळतं लेकरू सुईनं आजारी पडलं’ हे मत पक्कं होतं. मग पुढच्या डोसची तारीख टळते. अशा आईला बेफिकीर म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ताप येऊ शकतो, तो एक-दोन दिवसांत उतरतो, औषध किती द्यायचं, हे तिला कुणी नीट सांगितलं होतं का?

सरकारी कार्यक्रमातल्या या लसीत डांग्या खोकल्याचे अख्खे, पण मारलेले जिवाणू असतात. शरीर त्यांच्याशी लढायला शिकतं, त्या धांदलीत ताप चढतो. खरा जिवाणू, बोर्डेटेला पर्टुसिस, श्वासनलिकेतल्या केसाळ पेशींना चिकटतो आणि आपल्या विषानं त्यांना निकामी करतो. चिकट कफ वर सरकत नाही. पहिले एक-दोन आठवडे ही साधी सर्दीच वाटते, आणि तेव्हाच ती घरभर पसरत असते. मग उबळ सुरू होते. ठसक्यामागून ठसका, मध्ये श्वास घ्यायला उसंत नाही. शेवटी हवा आत ओढताना तो लांब, कर्कश आवाज आणि पाठोपाठ उलटी. अगदी तान्ह्या बाळात तो आवाज येईलच असं नाही. कधी कधी ते नुसतं निळं पडतं, श्वास थांबतो. उबळी सुरू झाल्यावर दिलेल्या अँटिबायोटिकनं संसर्ग पसरायचा थांबतो, पण खोकला आठवडेच्या आठवडे चालूच राहतो. इजा आधीच झालेली असते. म्हणून आजाराच्या आधीच, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात डोस असतात. एकावर भागत नाही.

समजावून सांगण्यानं खरंच फरक पडतो का, हे कराचीच्या गरीब वस्त्यांत तपासलं गेलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आरोग्यसेविका घरी जाऊन, फारसं शिक्षण नसलेल्या आयांना चित्रांची कार्डं दाखवत. लस जीव वाचवते, केंद्र कुठे आहे, लसीचं कार्ड जपून ठेवा: सांगणं एवढंच. चार महिन्यांनी पाहिलं, तर या गटातल्या ७२ टक्के बाळांचे तिन्ही डोस पूर्ण होते; इतर घरांत ५२ टक्के. यातली केंद्राच्या पत्त्याची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. भीती घालवायला भाषणं होतात, पण कुठे जायचं हे सांगायचं राहून जातं.

आपल्याकडे सिस्टरनं प्रत्येक आईला लस कोणती, पुढची तारीख कोणती, त्रास झाला तर काय करायचं आणि कार्ड सोबत आणायचं, हे सांगणं अपेक्षित आहे. लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत रांग लागली, की हेच चार शब्द घाईत गिळले जातात. आणखी एक गोष्ट तर क्वचितच सांगितली जाते. ऊसतोडीला गेल्यामुळे, गावी राहिल्यामुळे डोस चुकला, तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेल्या डोसपासून पुढे घेता येतात, तेही जिथे मुक्काम असेल तिथल्या सरकारी केंद्रात. ‘इतका उशीर का केलात’ म्हणून सगळ्यांदेखत ओरडा बसेल, या धास्तीनं ती आई येत नसेल, तर आशाताईनं तिच्या झोपडीपर्यंत जाऊन हे सांगायला हवं.