स्प्रेडशीटची नवी आवृत्ती आणि जुने ॲड-इन : बिघाडाची चिकित्सा

संगणकावर आकडेमोड करणाऱ्या अभ्यासकाच्या वाट्यास ज्या अडचणी येतात त्यांपैकी एक अशी आहे की, तिचे मूळ शोधण्यापूर्वीच तिच्यावर उपाय सुरू होतो. विभागातील यंत्रावर एक्सेलची नवी आवृत्ती चढविली जाते. काल सायंकाळपर्यंत चालत असलेले ॲड-इन आज सकाळी दिसेनासे होते. आणि विद्यार्थी ते काढून टाकतो, पुन्हा बसवितो, यंत्र बंद करून सुरू करतो व पुन्हा तेच करतो. या खटाटोपास कधी यश येते, परंतु ते का आले हे कळत नाही. त्यामुळे पुढील खेपेस अडचण जशीच्या तशी उभी राहते. वस्तुतः या बिघाडांची कारणे थोडी आहेत आणि प्रत्येकाचे लक्षण वेगळे आहे. घोटाळा होतो तो एवढ्यासाठीच की, लक्षण एका ठिकाणी दिसते आणि कारण दुसऱ्या ठिकाणी असते.

विवेचनाच्या सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. समजा, स्वनविज्ञानाच्या एका विद्यार्थ्याने मराठी स्वरांच्या ध्वनिमुद्रणांवरून फॉर्मंट मोजले आणि हर्ट्झमधील ती मापे श्रवणानुसारी अशा बार्क मापात बदलण्यासाठी एका ॲड-इनमधील ‘बार्क’ नावाचे फल वापरले. तक्त्यात दोन-तीन हजार ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत हे फल आहे. नव्या आवृत्तीत ती वही उघडताच प्रथम सर्व आकडे पूर्ववत दिसतात. वही बाहेरून आलेली असल्यास ती ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’मध्ये उघडते व तेथे गणित होत नाही, दिसतात ते मागे साठविलेले आकडे. संपादनास अनुमती देताच एक्सेल जुन्या आवृत्तीत शेवटचे गणित झालेली संपूर्ण वही नव्याने मोजते, आणि सर्व स्तंभभर ‘#नेम?’ ही चूक उमटते. विद्यार्थी घाबरतो, आपली सामग्री नष्ट झाली असे त्यास वाटते. तसे काही झालेले नसते. सूत्र जागेवर असते. त्या सूत्रातील नाव ओळखणारे कोणी उरलेले नसते, इतकेच.

ॲड-इन म्हणजे मूळ आज्ञावलीस बाहेरून जोडलेली पूरक आज्ञावली. एक्सेलच्या बाबतीत हिचे चार प्रकार व्यवहारात आढळतात. व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेली आणि एक्सएलए किंवा एक्सएलएएम या विस्ताराची फाइल हा पहिला. यंत्रभाषेत संकलित केलेली एक्सएलएल फाइल हा दुसरा. कॉम पद्धतीची ॲड-इन्स हा तिसरा. आणि २०१३ च्या आवृत्तीपासून आलेली, वेबच्या तंत्रावर चालणारी ॲड-इन्स हा चौथा. ‘ॲनालिसिस टूलपॅक’ आणि ‘सॉल्व्हर’ ही एक्सेलबरोबरच येतात, तथापि निवडल्याशिवाय चालू होत नाहीत. व्याकरणाच्या अभ्यासकास येथे एक साम्य सहज आठवेल. मराठीत विभक्तिप्रत्यय नामास थेट लागत नाही. ‘घोडा’ या शब्दास ‘ला’ लावावयाचा तर आधी ‘घोड्या’ हे सामान्यरूप सिद्ध व्हावे लागते. ॲड-इनदेखील मूळ आज्ञावलीच्या एका ठरावीक रूपासच लागते. ते रूप बदलले की प्रत्यय निर्दोष असूनही शब्द सिद्ध होत नाही. साम्य येथेच संपते, कारण भाषेत असा बदल होण्यास शतके लागतात आणि येथे एक दुपार पुरते.

पहिला प्रश्न असा की, नव्या आवृत्तीस ॲड-इन सापडते की नाही? कोणती ॲड-इन्स सुरुवातीस उघडावयाची याची नोंद एक्सेल विंडोजच्या रजिस्ट्रीत ठेवते, आणि ही नोंद आवृत्तीच्या अंतर्गत क्रमांकाखाली असते. २००७ च्या आवृत्तीचा क्रमांक १२, २०१० चा १४ (१३ हा अंक गाळला गेला), २०१३ चा १५. २०१६ पासून पुढील आवृत्त्यांनी १६ हाच क्रमांक धारण केला आहे. यास्तव २०१० वरून २०१६ वर जाणाऱ्यास जुनी नोंद नव्या क्रमांकाखाली न सापडण्याचा संभव असतो, तर २०१६ वरून २०१९ वर जाणाऱ्याने हे कारण सहसा धरू नये. उपाय सोपा आहे. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स या मार्गाने जाऊन खालच्या ‘मॅनेज’ चौकटीत ‘एक्सेल ॲड-इन्स’ निवडावे, ‘गो’ दाबावे आणि यादीत नाव नसल्यास ‘ब्राउझ’ करून फाइल दाखवावी. फाइल कोणाच्या तरी डाउनलोड्सच्या कप्प्यात राहू देऊ नये; तो कप्पा साफ झाला की हाच प्रसंग पुन्हा येतो.

याच पडद्यावर ‘डिसेबल्ड आयटेम्स’ अशी दुसरी यादी मिळते. एखाद्या ॲड-इनमुळे एक्सेल मध्येच बंद पडले असेल तर त्यास तेथे टाकले जाते व पुढे ते गुपचूप वगळले जाते. यादीतून मोकळे केले की काम होते. दोष खरोखर ॲड-इनचाच आहे की काय, हे पाहावयाचे असल्यास कंट्रोल ही कळ दाबून धरून एक्सेल सुरू करावे. तेव्हा ते ॲड-इन्सशिवाय उघडते.

दुसरा प्रश्न परवानगीचा. यादीत नाव आहे, नावापुढे खूणही आहे, पण रिबनवर काहीच दिसत नाही आणि चुकीचा संदेशही येत नाही, असे झाल्यास संशय सुरक्षेच्या नियमांवर घ्यावा. इंटरनेटवरून किंवा ईमेलमधून आलेल्या फाइलीस विंडोज एक अदृश्य खूण जोडते. जुलै २०१६ मधील एका सुरक्षा-दुरुस्तीनंतर अशी खूण असलेली कित्येक ॲड-इन्स एकाएकी अबोल झाली. आवृत्ती तीच होती, केवळ दुरुस्ती नवी होती. २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मुळातच अडविण्याचे धोरण मायक्रोसॉफ्टने अमलात आणले आणि २०२३ मध्ये तोच नियम एक्सएलएल फाइलींस लावला. उपाय म्हणजे फाइलीवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि ‘अनब्लॉक’ या चौकटीत खूण करावी. हे करताना ती फाइल कोठून आली याची खात्री मात्र असावी. नियम त्रासदायक आहे म्हणून निराधार नाही. मॅक्रोंच्या द्वारे पसरलेल्या उपद्रवांचा इतिहास मोठा आहे, आणि ‘ट्रस्ट सेंटर’मधील सर्व अटी एकदम सैल करून टाकण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो तो अविचाराचा होय.

तिसरे कारण अधिक खोलवरचे आहे व त्याने सर्वांत जास्त वेळ खाल्ला आहे. २०१० पासून एक्सेल ३२-बिट व ६४-बिट अशा दोन रूपांत मिळू लागले. २०१९ च्या आवृत्तीपासून, मुद्दाम दुसरे न निवडल्यास, ६४-बिट रूप बसते. परिणामी आवृत्ती बदलणाऱ्याच्या नकळत रूपही बदलते. संकलित एक्सएलएल हे ज्या रूपासाठी तयार केले त्याच रूपात चालते. ३२-बिट एक्सएलएल ६४-बिट एक्सेलमध्ये उघडू पाहिल्यास जो संदेश येतो तो असा असतो की, फाइलीचे स्वरूप व तिचा विस्तार यांचा मेळ नाही, फाइल कदाचित खराब झाली असावी. हा संदेश दिशाभूल करणारा आहे. फाइल खराब नसते. ती दुसऱ्या घरची असते. तो वाचून विद्यार्थी तीच फाइल पुन्हापुन्हा उतरवून घेत बसतो. फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल येथे आपले एक्सेल कोणत्या रूपाचे आहे ते एका ओळीत लिहिलेले असते. ती ओळ प्रथम वाचावी आणि ॲड-इनच्या कर्त्याकडून त्या रूपाची प्रत मागावी. ती उपलब्धच नसेल तर ३२-बिट एक्सेल बसविणे हा कमीपणाचा नव्हे, तर शहाणपणाचा मार्ग होय. काही हजार ओळींच्या तक्त्यास ६४-बिटची गरज नसते.

व्हिज्युअल बेसिकमधील ॲड-इन्स या बाबतीत बरीच सहनशील असतात, परंतु ज्यांत विंडोजच्या अंतर्गत क्रियांना हाक मारणाऱ्या ‘डिक्लेअर’ ओळी आहेत ती ६४-बिट रूपात संकलनाच्या वेळीच अडतात. तेथील संदेश मात्र प्रामाणिक आहे : त्या ओळी तपासाव्या व त्यांस ‘पीटीआर-सेफ’ हा शब्द जोडावा, असे तो स्पष्ट सांगतो. नुसता शब्द जोडून भागत नाही, स्मृतीतील पत्ते धारण करणाऱ्या चलांचे प्रकारही बदलावे लागतात, हे ध्यानात ठेवावे.

लक्षण आणि कारण यांतील अंतराचा कळस पाहावयाचा असल्यास ‘मिसिंग’ संदर्भाचे उदाहरण घ्यावे. एखाद्या मॅक्रोने ‘सॉल्व्हर’चा आधार घेतला असेल तर त्याच्या प्रकल्पात सॉल्व्हरच्या फाइलीचा संदर्भ नोंदलेला असतो. नव्या यंत्रावर तो सापडला नाही की मॅक्रो थांबतो. परंतु थांबतो तो सॉल्व्हरच्या ओळीवरच असे नाही. पुष्कळदा ‘लेफ्ट’ किंवा ‘डेट’ यांसारख्या अगदी साध्या, अंगभूत क्रियेवर बोट ठेवून ‘प्रकल्प किंवा ग्रंथालय सापडत नाही’ असे म्हटले जाते. शब्दाची पहिली अक्षरे तोडणारी क्रिया एक्सेलमधून नाहीशी कशी होईल, या कोड्यात दिवस जातो. व्हिज्युअल बेसिकच्या संपादकात टूल्स, रेफरन्सेस उघडावे. ज्या नोंदीपुढे ‘मिसिंग’ लिहिले असेल तिची खूण काढावी व त्याच ग्रंथालयाची प्रस्तुत यंत्रावरील प्रत निवडावी. लेफ्ट लगेच परत येते.

काही वेळा बिघाड मुळी नसतोच. २००७ मध्ये मेनू जाऊन रिबन आली तेव्हा जुन्या ॲड-इन्सनी स्वतःसाठी बनविलेले मेनू नाहीसे झाले नाहीत, तर ‘ॲड-इन्स’ नावाच्या एका स्वतंत्र टॅबखाली जाऊन बसले. अनेकांनी ते शोधलेच नाहीत. त्याच आवृत्तीत टूलपॅकमधील ‘ईओमंथ’, ‘नेटवर्कडेज’ इत्यादी फले एक्सेलची अंगभूत झाली, म्हणून त्यांच्यासाठी ॲड-इन शोधणेच अनावश्यक ठरले. मॅकिंटॉशवर मात्र उलट झाले : २००८ च्या आवृत्तीतून व्हिज्युअल बेसिकच काढून टाकले गेले आणि ते २०११ मध्ये परत आले. मधल्या काळात तेथे मॅक्रोंवर आधारलेल्या ॲड-इनला कोणताच उपाय नव्हता.

आता पुन्हा बार्कच्या स्तंभाकडे वळू. ॲड-इन सापडले, परवानगी मिळाली, रूपही जुळले, तरी ‘#नेम?’ कायम असेल, तर सूत्रात डोकावून पाहावे. व्हिज्युअल बेसिकच्या ॲड-इनमधील फल वापरले असता, ते ॲड-इन पूर्वीच्या जागी नसल्यास सूत्रात फलाच्या नावाआधी जुन्या यंत्रावरील संपूर्ण मार्ग येऊन बसतो. ‘डेटा’ टॅबवरील ‘एडिट लिंक्स’ येथे (नव्या आवृत्त्यांत तेच काम ‘वर्कबुक लिंक्स’ करते) स्रोत बदलून नव्या फाइलीकडे वळवावा. नंतर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-९ या कळा एकत्र दाबून सर्व गणित नव्याने करून घ्यावे. एवढ्यानेही न भागल्यास ‘रिप्लेस’मध्ये बरोबरचे चिन्ह काढून त्या जागी बरोबरचेच चिन्ह घालावे, हास्यास्पद दिसणाऱ्या या कृतीने प्रत्येक सूत्र पुन्हा प्रविष्ट होते आणि नावाचा शोध पुन्हा घेतला जातो.

स्तंभ भरला म्हणजे काम संपले असे मात्र नाही, आणि संशोधकाच्या दृष्टीने खरा धोका येथेच आहे. ‘#नेम?’ ही चूक ओरडून आपले अस्तित्व सांगते; बदललेला आकडा काहीच सांगत नाही. जुने ॲड-इन ६४-बिट रूपात मिळाले नाही म्हणून विद्यार्थ्याने दुसऱ्या कोणाचे, त्याच नावाचे फल असलेले ॲड-इन बसविले अशी कल्पना करू. हर्ट्झचे बार्क करण्याची सूत्रे एकाहून अधिक आहेत. ट्राउनम्यूलर यांच्या १९९० च्या सूत्राने ५०० हर्ट्झचे ४.९२ बार्क होतात; झ्विकर आणि टेरहार्ट यांच्या १९८० च्या सूत्राने त्याच ५०० हर्ट्झचे ४.७४ होतात. दोन्ही सूत्रे मान्य आहेत, दोन्ही आकडे विश्वासार्ह दिसतात, आणि फरक ०.१८ चा आहे. प्रबंधाची पहिली तीन प्रकरणे एका सूत्राने व चौथे दुसऱ्याने मोजले गेले, तर स्वरांच्या स्थानात जो बदल आढळेल तो बोलीचा नसून ॲड-इनचा असेल. आणि परीक्षकास तो तक्त्यावरून ओळखता येणार नाही.

हे टाळण्याची रीत आवृत्ती बदलण्यापूर्वीच अवलंबावी लागते. वहीची एक प्रत करून फलांच्या स्तंभाशेजारी त्याच स्तंभाची केवळ मूल्ये ‘पेस्ट स्पेशल’ने चिकटवावी, ॲड-इनचे नाव, आवृत्ती, बिट-रूप आणि त्यातील सूत्र त्याच वहीच्या एका पानावर लिहून ठेवावे. नव्या आवृत्तीत ॲड-इन चालू झाल्यावर तिसऱ्या स्तंभात दोहोंची वजाबाकी करावी. दशांशाच्या बाराव्या-तेराव्या स्थानी फरक दिसल्यास तो सोडून द्यावा. त्याहून मोठा असल्यास सर्व दोष ॲड-इनवर लोटण्याची घाई करू नये, कारण २०१० मध्ये खुद्द एक्सेलनेच आपल्या अनेक सांख्यिकीय फलांची गणनपद्धती सुधारली आणि यदृच्छ संख्या निर्माण करण्याची पद्धतही बदलली. बार्कसारख्या एका ओळीच्या सूत्रासाठी तर ॲड-इनची आवश्यकताच तपासून पाहावी : वारंवारता ए-२ या घरात असेल, तर २६.८१ गुणिले ए-२, भागिले १९६० अधिक ए-२ यांची बेरीज, वजा ०.५३, एवढे सूत्र घरातच लिहिता येते. ते कोणत्याही आवृत्तीत उघडते, कोणाची परवानगी मागत नाही आणि परीक्षकास वाचताही येते.