महिन्यातले दोन दिवस वायुदलात

मैत्रिणींनो, महिन्यातला निदान एक शनिवार-रविवार आणि वर्षाकाठी दोन आठवडे वायुदलात. एरवी आपली नोकरी, आपला संसार! अमेरिकेच्या राखीव वायुदलात बायकाही अशा जातात. तिकडच्या भाची-पुतणीकडे ग्रीन कार्ड असेल तर भरती होता येतं. वैमानिक व्हायला मात्र नागरिकत्वच हवं.

कोलोरॅडोतली ३०२वी तुकडी वणवेही विझवते. हर्क्युलिस विमानातून ३००० गॅलन लाल द्रावण पाचेक सेकंदांत सांडायचं, तेही जमिनीपासून जेमतेम १५० फुटांवरून! आगीवर नव्हे हं, तिच्या वाटेवर. त्यात मुख्यतः पाणी आणि खत.

२०१२ साली साउथ डाकोटात दुसऱ्या एका तुकडीचं असं विमान कोसळलं. सहापैकी चौघे गेले. म्हणून अर्ज भरण्याआधी घरात सगळ्यांशी बोलावं. मुलांना कोण सांभाळणार, तेही तेव्हाच ठरवावं.