रक्त तपासले, पण कधी?



सरकी टोबली की दुसऱ्या दिवशी कुणी तास उकरून पाहत नाही. बी जमिनीत असते, पण वर काही दिसत नाही. एच.आय.व्ही.चे असेच आहे. नेहमीची तपासणी विषाणूला शोधत नाही. त्याच्याशी झुंजायला शरीर जी प्रतिद्रव्ये तयार करते, ती शोधते. बहुतेकांच्या रक्तात ती तीन-चार आठवड्यांत दिसतात, काहींना तीन महिने लागतात. दवाखान्यातले लोक या मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात.

आता समजा, कामासाठी बाहेरगावी असताना असुरक्षित संबंध आला. चौथ्या दिवशी रक्त दिले, ‘दोष नाही’ अशी चिठ्ठी मिळाली आणि गडी निश्चिंत घरी आला. ती चिठ्ठी त्या प्रसंगाबद्दल काहीच सांगत नाही! उलट लागण झाली असेल तर पहिल्या काही आठवड्यांत विषाणू रक्तात भरमसाट असतो. माणूस दिसायला धडधाकट, आणि घरच्या लक्ष्मीला धोका सर्वांत जास्त.

मग करायचे काय? ७२ तास उलटले नसतील तर तडक सरकारी दवाखाना गाठा. गरज असेल तर डॉक्टर २८ दिवसांच्या गोळ्या सुरू करतात. जितक्या लवकर तितके बरे. वेळ टळली असली तरी जा. एक तपासणी लगेच करा आणि त्या दिवसापासून तीन महिने भरले की पुन्हा करा. गोळ्या घेतल्या असतील तर तारीख डॉक्टर सांगतील. तोवर दर वेळी निरोध वापरा. आणि ‘फुकट तपासून होईल’ म्हणून रक्तदान मुळीच करू नका. या काळातले रक्त दुसऱ्याचा घात करू शकते.

“आमचं ऑपरेशन झालं, आता निरोध कशाला?” असे पुष्कळ जण विचारतात. नसबंदी, तांबी, गोळ्या यांनी पाळणा थांबतो, हा रोग थांबत नाही. निरोध दोन्ही कामे करतो.

डास चावला, एका ताटात जेवलो, एका विहिरीचं पाणी प्यालो, यासाठी झोप घालवू नका. लागण होते ती असुरक्षित संबंधातून, दुसऱ्याला टोचलेल्या सुईतून, दूषित रक्तातून आणि आईकडून बाळाला. म्हणून वहिनींना दिवस गेले असतील तर नाव नोंदवतानाच तपासणी करून घ्या. दोष निघाला तरी वेळेवर औषध घेतल्याने बाळ बहुधा वाचते.

औषध सरकारकडून २००४ सालापासून मोफत आहे. ते रोज नेमाने घेणारा माणूस शेती करतो, संसार करतो. २०१७ च्या कायद्याप्रमाणे तुमच्या संमतीशिवाय तपासणी होत नाही आणि निकाल गुप्त राहतो. मनात शंका असेल तर १०९७ वर फुकट फोन करा.

दर्यापूरला बाजाराला याल तेव्हा दोघं मिळून उपजिल्हा रुग्णालयात या. ‘आय.सी.टी.सी. कुठे?’ एवढंच विचारा. कशासाठी आलात, ते रांगेत कुणाला सांगायची गरज नाही.