जुना गेमिंग संगणक: गती वाढवावी की भाग बदलावेत?

प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे निर्मात्याने ठरवून दिलेल्या गतीपेक्षा अधिक गतीने चालवला, की जुन्या गेमिंग संगणकाला फुकटात नवे आयुष्य मिळते, हा समज अगदीच निराधार नाही. 1998 साली आलेला इंटेलचा सेलेरॉन 300ए हा 300 मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर, मदरबोर्डवरील बसची गती 66 वरून 100 मेगाहर्ट्झवर नेली की पुष्कळदा 450 मेगाहर्ट्झवर चालत असे. 2011 मधील कोअर आय5-2500के हा 3.3 गिगाहर्ट्झचा प्रोसेसरही चांगला कूलर असल्यास 4.5 गिगाहर्ट्झच्या आसपास स्थिर राहत असे. पुढे तापमान आणि वीजवापर पाहून प्रोसेसर आपली गती आपणच वाढवू लागले, त्यामुळे वापरणाऱ्याच्या हाती उरणारी वाढ बरीच आटली.

ती वाढ फुकट कधीच नव्हती. प्रोसेसरच्या कामातून निर्माण होणारी उष्णता गतीच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून 3.3 वरून 4.5 गिगाहर्ट्झ गाठण्यासाठी व्होल्टेज 1.2 वरून 1.35 वर न्यावे लागले, तर गतीत सुमारे 36 टक्के भर पडते, पण उष्णतेत सुमारे 73 टक्के. साधा कूलर प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही, त्यामुळे विदर्भातील मे महिन्यात हिवाळ्यातली स्थिरता गृहीत धरता येत नाही.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज मात्र वेगळाच आहे: खेळ अडखळतो तो प्रोसेसर मंद असल्यामुळेच, असे मानणे. प्रत्येक फ्रेम, म्हणजे पडद्यावरील एक चित्र, तयार होताना प्रोसेसर खेळातील घडामोडींचा हिशेब करतो आणि ग्राफिक्स कार्ड चित्र रंगवते. या दोहोंपैकी जो मागे पडतो तोच वेग ठरवतो. मागे कोण पडतो हे पाहण्यासाठी एकही रुपया लागत नाही. रिझोल्यूशन 1080 वरून 720 वर आणल्यावर फ्रेम ठळकपणे वाढल्या, तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा असतो आणि प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून हाती फारसे काही लागत नाही. वाढल्या नाहीत, तर बहुधा प्रोसेसरच कमी पडत असतो.

तेथेही गती वाढवून सारे भागत नाही. 2020 च्या प्लेस्टेशन 5 मध्ये आठ कोअर आहेत, आणि अशा यंत्रांसाठी घडवलेले खेळ काम अनेक कोअरमध्ये वाटून देतात. चार कोअरच्या 2500के वर हे काम रांगेत थांबते. सेकंदाला 60 फ्रेमसाठी प्रत्येक फ्रेमला सुमारे 16.7 मिलिसेकंद मिळतात, पण मधूनच एखादी 50 मिलिसेकंद घेऊ लागली, तर सरासरी जेमतेम ढळते आणि डोळ्यांना हिसका मात्र स्पष्ट जाणवतो. सरासरीच्या आकड्यावर विसंबून घेतलेला निर्णय म्हणूनच फसवा ठरतो.

नवे कार्ड कोणत्याही जुन्या मदरबोर्डवर पूर्ण क्षमतेने चालते, हेही खरे नाही. 2022 मधील रेडिऑन आरएक्स 6500 एक्सटी मदरबोर्डशी चारच पीसीआय एक्सप्रेस मार्गिकांनी जोडले जाते, त्यामुळे जुन्या, मंद जोडणीवर काही खेळांत त्याचा वेग लक्षणीय घटतो. याउलट, संगणक जुना म्हणजे सगळाच टाकाऊ, असेही नसते: एएमडीच्या 2017 मधील अनेक एएम4 मदरबोर्डांवर बायोस अद्ययावत केल्यावर 2022 चा रायझन 7 5800एक्स3डी चालतो.

विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला असून 2500के विंडोज 11 च्या अधिकृत यादीत नाही, आणि ही मर्यादा कितीही ओव्हरक्लॉक केले तरी हटत नाही. अशा संगणकासाठी आणखी डीडीआर3 रॅम घेणे सहसा टाळावे, कारण ती आजच्या मदरबोर्डवर बसत नाही. ग्राफिक्स कार्ड, एसएसडी आणि चांगल्या दर्जाचा एसएमपीएस यांवरचा खर्च मात्र पुढच्या संगणकातही उपयोगी पडतो.